द्रासला पहाटे सेल्फ जड फिरतो: बॅटरी, डिझेल की ऑइल?

तीन हिवाळे एकच रड. नोव्हेंबर सरत आला की आमची दहा चाकी चाकणहून जनरेटर भरून कारगिलला, कधी लेहला जाते. झोजी ला घाट ओलांडून गाडी रात्री पलीकडच्या द्रासला मुक्कामाला थांबली की दुसऱ्या दिवशी पहाटे फोन ठरलेला. "शेठ, सेल्फ घेतोय, पण लई दमानं घेतोय. गाडी उठंना." तिकडे पारा उणे वीसच्या आसपास आणि मी पुण्यात रजईत. पहिल्या वर्षी बॅटऱ्यांना दोष दिला, दुसऱ्या वर्षी डिझेलला, तिसऱ्या वर्षी ऑइल बदललं आणि तरीही तोच फोन आला. चौथ्या वर्षी मात्र आला नाही. मधल्या काळात काय काय चुकलं आणि काय कळलं ते लिहितोय, कारण सफरचंदासाठी काश्मीरला गाड्या लावणारे ओळखीतले दोघे-तिघे दर थंडीत मला हेच विचारतात.

गाडी २०१८ची, बीएस-४, सहा सिलिंडर, चोवीस व्होल्ट. ऑइल कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलंच: १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस (हा डिझेल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा सांगणारा वर्ग). पुण्यात, नागपुरात, अगदी दिल्लीच्या धुक्यातही पहिल्या सेल्फला उठणारी गाडी. म्हणजे इंजिन बसलेलं नव्हतं, कॉम्प्रेशन ठीक होतं. दुखणं फक्त तिथल्या थंडीत निघायचं.

आधी आवाज ऐका

फोनवर ड्रायव्हरला पहिला प्रश्न एकच: सेल्फ फिरतोय कसा? याच्या उत्तरावर अर्धं काम होतं. बहुतेक जण ते न विचारता थेट "कोणतं ऑइल टाकू" म्हणतात.

नुसता "टक" आवाज येऊन सगळं शांत होत असेल, तर ऑइलचा विषयच नाही. टर्मिनल, अर्थिंगची केबल, सोलेनॉइड किंवा बॅटरी बघा. सेल्फ नेहमीसारखा भरभर फिरतोय, पण गाडी पकडत नाही आणि सायलेन्सरमधून धुराचा पत्ता नाही, तर इंजिनापर्यंत डिझेलच पोचत नाहीये. भरभर फिरतोय आणि पांढरा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. मग हीटर बघा, तो नसेल तर कॉम्प्रेशन. गाडी उठली, मिनिट-दोन मिनिटं चालली आणि मान टाकली, तर फिल्टरमध्ये मेण बसलंय.

आमच्या गाडीचं लक्षण यातलं कुठलंच नव्हतं. सेल्फ फिरायचा, पण चिखलात रुतलेल्या बैलासारखा. घर्र... थांबा... घर्र. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला गाडी उठायची. उठल्यावर टॅपेटचा खडखडाट, आणि ऑइलच्या प्रेशरचा काटा दहा-बारा सेकंद तळाला. या काट्याकडे मी दोन वर्षं लक्षच दिलं नाही. "उठली ना गाडी, मग निघा," एवढंच सांगायचो. खरा गुन्हेगार तिथंच बोट दाखवत होता.

जड फिरणाऱ्या सेल्फची तीन कारणं संभवतात: बॅटरी उतरलेली, सेल्फ मोटार स्वतः खराब, किंवा आत फिरणाऱ्या भागांना घट्ट ऑइलनं धरून ठेवलेलं. यातलं कोणतं, हे जाग्यावर ओळखायला दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली, शेजारच्या चालू गाडीवरून जंप केबल लावा. तीही चोवीस व्होल्टचीच गाडी हवी, हे सांगायला नको. सेल्फ लगेच मोकळा फिरला तर बॅटरी. तरीही जडच असेल तर ऑइल किंवा मोटार, आणि तीच मोटार खाली रामबनच्या उबेत नीट फिरत होती तर ऑइलच. दुसरी परीक्षा, क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा. क्लच न दाबता सेल्फ मारला तर इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचं गोठायला आलेलं ऑइलही घुसळावं लागतं. क्लच दाबल्यावर फरक पडला तर गिअर ऑइलचाही त्यात वाटा आहे. आमचे तात्या, म्हणजे ड्रायव्हर, तीस वर्षं गाडी चालवतात. न्यूट्रलला गाडी असली की क्लच कशाला, म्हणायचे. द्रासनं त्यांना ती सवय लावली.

पहिलं वर्ष: बॅटऱ्या

पूर्ण चुकलो असं नाही. चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि त्यातली एक मरतुकडी असली की दुसरीही तिच्याबरोबर जाते. आमची एक तशीच होती. शिवाय उणे अठराच्या आसपास चांगली बॅटरीसुद्धा नेहमीच्या निम्म्याहून कमी जोर देते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनाला जास्त जोर लागतो. उतरलेल्या बॅटरीतलं पाणी उणे सात-आठलाच गोठू शकतं, मग कवच फुटतं. भरलेली बॅटरी मात्र उणे पन्नासपर्यंतही गोठत नाही. म्हणून मुक्कामाला टेप, दिवे, चार्जर बंद. जमलं तर बॅटऱ्या काढून खोलीत घ्या. तात्या दोन बॅटऱ्या खोलीत आणून पलंगाखाली ठेवतात. वजनदार काम आहे, पण फुकट आहे.

नव्या बॅटऱ्यांनी गाडी पाचव्याऐवजी तिसऱ्या सेल्फला उठायला लागली. मी खूश. काटा मात्र अजूनही दहा सेकंद तळाला.

दुसरं वर्ष: डिझेल

त्या वर्षी वेगळंच झालं. गाडी उठली, दोन मिनिटांनी बंद. फिल्टर काढला तर आत वनस्पती तुपासारखा थर. हे डिझेलमधलं मेण. आपल्याकडे थंडीत खोबरेलाच्या बाटलीत जे होतं तेच. भारतीय मानकाप्रमाणे साध्या डिझेलला हिवाळ्यात फिल्टर चोंदायला लागण्याचं तापमान ६ अंश सेल्सिअसपर्यंत असलेलं चालतं, उन्हाळ्यात १८ अंशांपर्यंत. शून्याच्या वर, बरं का. प्रत्यक्षात डिझेल यापेक्षा बरं असतं, पण उणे वीसची हमी त्यात कुणी दिलेली नाही.

लडाखसाठी वेगळं डिझेल आहे. इंडियन ऑइलनं पानिपतच्या रिफायनरीत बनवलेलं विंटर डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं, त्याचा ओघळबिंदू, म्हणजे ज्याखाली ते वाहायचं थांबतं ते तापमान, उणे ३३ अंश. युक्ती एवढीच की ते टाकी रिकामी करून भरायला हवं. पंजाबात स्वस्त मिळालं म्हणून टाकी काठोकाठ भरून वर गेलात, तर तिथं विंटर डिझेलला जागाच उरत नाही. आम्ही आता बेतानं भरत जातो, कारगिलला भरतो, आणि भरल्यावर गाडी लगेच बंद न करता वीस-पंचवीस किलोमीटर चालवतो, म्हणजे नवं डिझेल फिल्टरपर्यंत आणि परतीच्या पाइपापर्यंत पोचतं. पुढचा रस्ता खुला असेल तर द्रासला मुक्काम न करता साठेक किलोमीटर पुढे कारगिल गाठावं. कारगिल बरंच खाली आहे, थंडीही थोडी कमी.

टाकीखाली जाळ करणारे तुम्हाला तिथं दिसतील. माझ्या गाडीखाली कुणी काडी पेटवायची नाही, हे मी तात्यांना निक्षून सांगितलंय. ब्रेकचे पाइप, वायरिंग आणि वर तीनशे लिटर डिझेल. वाचलात तर नशीब.

तर डिझेलचा बंदोबस्त झाला, गाडी बंद पडायची थांबली. सेल्फ? जडच.

डब्ल्यू म्हणजे वेट नव्हे

आता मूळ मुद्दा. माझ्यासकट निम्म्या लाइनीचा समज होता की १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे वजन, आणि ऑइल "थंडीत पंधराचं पातळ, गरमीत चाळीसचं घट्ट" होतं. दोन्ही खोटं. डब्ल्यू म्हणजे विंटर. आणि कुठलंही ऑइल गरम झाल्यावर घट्ट होत नाही. गरम इंजिनात १५डब्ल्यू-४० पाण्याच्या दहा-बारा पट दाट असतं, उणे वीसला तेच काही हजार पट दाट होतं. थंडीतल्या काकवीची कल्पना करा. मल्टिग्रेडची खुबी एवढीच की ते साध्या ऑइलपेक्षा कमी घट्ट होतं.

हे दोन आकडे दोन वेगळ्या परीक्षांचे निकाल आहेत आणि त्यांचा एकमेकांशी तसा संबंध नाही. मागचा ४० हा १०० अंशांवरचा दाटपणा. १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) या टप्प्यात बसलं की ४०. पुढचा १५डब्ल्यू ठरतो गोठवून. एसएई जे-३०० नावाच्या मानकात प्रत्येक डब्ल्यू ग्रेडला दोन कसोट्या आहेत. पहिली सेल्फची: अमुक थंडीत क्रँक फिरवायला ऑइल किती अडवतं. १५डब्ल्यूची ही कसोटी उणे २० अंशांवर होते, कमाल मर्यादा ७,००० सेंटीपॉइज (हेही दाटपणाचंच माप). दुसरी पंपाची: आणखी पाच अंश खाली, म्हणजे उणे २५ वर, ऑइल पंपाकडे वाहत येतं का. तिथली मर्यादा ६०,०००.

पाठ करायला सोपी रीत सांगतो. डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यातून ३५ वजा करा, आलं ते सेल्फचं तापमान. १५ वजा ३५, उणे २०. १०डब्ल्यूचं उणे २५, ५डब्ल्यूचं उणे ३०, ०डब्ल्यूचं उणे ३५. आणि आपल्याकडे ट्रॅक्टरला, जुन्या गाड्यांना सर्रास जातं ते २०डब्ल्यू-४०? उणे १५. पंपासाठी आणखी पाच खाली.

ही पंपाची कसोटी जास्त महत्त्वाची, कारण सेल्फ नाही फिरला तर गाडी नुसती उभी राहते, नुकसान होत नाही. पण सेल्फ फिरला, गाडी उठली आणि पंपाला ऑइलच मिळालं नाही, तर? घट्ट विरजलेल्या दह्यात चमचा घालून बघा. चमचाभर निघतं आणि खड्डा तसाच राहतो, बाजूचं दही सरकून येत नाही. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, पंपाच्या जाळीभोवती हेच होतं. जाळीजवळचं ऑइल ओढलं जातं, खड्डा पडतो, मग पंप हवा ओढतो. वर टर्बो हजारोंच्या फेऱ्यात कोरडा फिरतोय. आमच्या टर्बोला दुसऱ्या वर्षी प्ले आला (दांडा खिळखिळा झाला) तेव्हा मिस्तरी म्हणाला, "ऑइल वेळेवर बदलत नसाल." बदलत होतो की. पोचत नव्हतं.

ज्या काट्याची गोष्ट वर सांगितली, त्याचा अर्थ हा. नेहमीच्या हवेत काटा दोन-तीन सेकंदांत उठतो. थंडीत चार-पाच लागले तर चालवून घ्या. दहाच्या वर जात असेल तर त्या थंडीला तुमचं ऑइल चुकीचं आहे, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

मग १५डब्ल्यू टाकूच नये का?

टाका की. इथंच लोक दुसऱ्या टोकाला जातात. जम्मू, श्रीनगर, काझीगुंड, शोपियान, लासिपोऱ्याच्या शीतगृहातून सफरचंद भरायचं असेल, तर १५डब्ल्यू-४० पुरतं. चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांत, श्रीनगरला पारा उणे पाच-सहा, फार तर उणे आठ-नऊ. १५डब्ल्यूची हद्द त्याच्या बरीच खाली आहे. काश्मीर खोऱ्यात सेल्फ जड फिरत असेल तर महागडं ऑइल घेण्याआधी बॅटरी तपासा, दहातल्या नऊ वेळा तीच निघेल असं माझं मत. मनालीलाही तेच.

हिशेब बदलतो तो द्रास, लेह, झांस्कर, किंवा हिमाचलात काझाकडे. तिथं जानेवारीत उणे १५ ते उणे २५ ही रोजची गोष्ट. कसोटीचे आकडे नव्या, स्वच्छ ऑइलचे असतात, म्हणून मी पाच-सात अंशांची उसंत ठेवतो: उणे १३-१४ पर्यंतच १५डब्ल्यू, उणे १८ पर्यंत १०डब्ल्यू, त्याखाली ५डब्ल्यू.

तापमान मात्र खरं धरा. मोबाइलवर "उणे २८ वाटतं" असं दिसलं की पोरं घाबरतात. ते वाऱ्यामुळे माणसाच्या अंगाला वाटणारं. लोखंडाला काही वाटत नाही. वाऱ्यानं इंजिन लवकर गार होतं, पण हवेपेक्षा गार होत नाही. रात्रीचं खरं किमान तापमान बघा, आणि दिवसाचं नको. दुपारी दोनला उणे दोन असतं म्हणून कुणी फसू नये. सेल्फ पहाटे मारायचा असतो.

जुन्या ऑइलचं काय? हे मला सगळ्यात उशिरा उमगलं. डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये काजळी साठते आणि काजळीनं ते घट्ट होत जातं. ओळखीच्या मासळीवाल्याच्या डीप फ्रीजमध्ये, साधारण उणे अठराला, मी चार बाटल्या रात्रभर ठेवल्या: नवं १५डब्ल्यू-४०, त्याच डब्यातलं पण गाडीतून काढलेलं जुनं, नवं २०डब्ल्यू-५०, आणि ५डब्ल्यू-४०. सकाळी आडव्या केल्या. ५डब्ल्यू लगेच कलंडलं. नवं १५डब्ल्यू आळसावून निघालं. जुनं त्याहून हळू. २०डब्ल्यू-५० नं बाटलीच्या तळाशीच बैठक मारली. ही काही प्रयोगशाळा नव्हे, बाटली कलंडवून सेंटीपॉइज कळत नाहीत, पण तात्यांना पटवायला व्याख्यानापेक्षा या बाटल्या कामी आल्या. तात्पर्य, ऑइल बदलीचे पाच हजार किलोमीटर उरलेत म्हणून थांबू नका, लडाखची फेरी नव्या ऑइलवरच करा.

मागचा आकडा का बदलला नाही

५डब्ल्यू-३० स्वस्त मिळतंय, टाकू का, असं विचारणारे आहेत. पुस्तकात लिहिलं नसेल तर नको. थंडी फक्त पुढच्या आकड्याचा प्रश्न आहे. एकदा इंजिन तापलं की त्याला बाहेर द्रास आहे की धुळे, कळत नाही. ४,१०८ मीटरचा फोटू ला भरल्या गाडीनं दुसऱ्या गिअरात चढताना ऑइल तापतंच, आणि तीच गाडी मे महिन्यात नागपूरला जाणार. बेअरिंगमध्ये पातळ थर टिकायचा तर कंपनीनं सांगितलेला ४० पाहिजे.

सीके-४ या सीआय-४ प्लसनंतरच्या वर्गाबरोबरच डिसेंबर २०१६ मध्ये एफए-४ नावाचा एक वर्ग आला. तो मुद्दाम पातळ ठेवलेला आहे आणि ठरावीक नव्या इंजिनांसाठीच आहे. डब्यावर १०डब्ल्यू-३० दिसलं म्हणून जुन्या गाडीत एफए-४ ओतू नका.

आणखी एक सापळा. ५डब्ल्यू-४० मागितलं की दुकानदार कारचं काढून देतो. डब्याच्या मागे एसएन/सीएफ लिहिलेलं असतं, आणि "सीएफ आहे ना, डिझेलला चालतं," असं सांगतो. एसनं सुरू होणारे वर्ग पेट्रोल गाड्यांचे, सीचे डिझेलचे हे खरं, पण सीएफ जुनापुराणा वर्ग आहे. त्या ऑइलमध्ये ट्रकच्या काजळीला सांभाळायची ताकद नसते. डब्यावर सीआय-४ प्लस किंवा सीके-४ आणि त्याबरोबर ५डब्ल्यू-४०, अशी जोडी हवी. असं ऑइल पूर्ण सिंथेटिक असतं, साध्याच्या दुप्पट भाव पडतो. माझ्या गाडीला फिल्टरसकट सतरा लिटर लागतं. टर्बोच्या बिलाशी तुलना केली आणि गप्प पैसे मोजले. तिकडे हवं ते मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून बादली इथूनच न्यायची.

तिसरं वर्ष: तरीही तोच फोन

ऑइल बदललं, सगळं समजून-उमजून बदललं, गाडी रवाना झाली. द्रासहून फोन. "शेठ, सेल्फ पुन्हा तसाच." मी कपाळावर हात मारला. तासभर उलटतपासणी केल्यावर कळलं. चाकणला ऑइल बदलताना फिल्टरचं वॉशर नीट बसवलं नव्हतं. चंबळ ओलांडेपर्यंत ऑइल मोजायच्या काडीवर ऑइल दिसेना. तात्यांनी हायवेच्या एका दुकानात वॉशर बदलून घेतलं आणि तिथं मिळालं ते ऑइल ओतलं: आठ लिटर २०डब्ल्यू-४०. मला सांगितलं नाही, कारण "ऑइलच तर टाकलंय".

त्यांची चूक म्हणता येणार नाही. गाडी कोरडी पडण्यापेक्षा कुठलंही ऑइल चांगलं. दोन ग्रेड एकत्र झाले म्हणून इंजिन फुटत नाही. पण निम्मं ऑइल बदलल्यावर ते ५डब्ल्यू राहत नाही, आणि सिंथेटिकला मोजलेले पैसे चंबळच्या काठावर सांडले. आता केबिनमध्ये त्याच ऑइलचा पाच लिटरचा डबा कायम असतो, आणि कोणतं ऑइल आहे ते खडूनं टॅपेट कव्हरवर लिहिलेलं असतं. रस्त्यात काही गळालं तर काढून टाकलेला नग फेकायचा नाही, फोटो काढायचा.

त्या पहाटे गाडी कशी काढली, तर थांबून. ऊन चेंबरवर येईपर्यंत, अकरा वाजेपर्यंत सेल्फला हातच लावला नाही. बॅटऱ्या खोलीत होत्याच. क्लच दाबून दहा सेकंद सेल्फ, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा दहा सेकंद. दुसऱ्याला उठली. उठल्यावर रेस द्यायची नाही, काटा वर येईपर्यंत आणि नंतरही तीन-चार मिनिटं गाडी तशीच राहू द्यायची. घट्ट ऑइल फिल्टरमधून जाऊ शकत नाही, बायपासमधून न गाळता वर जातं, त्यामुळे त्या मिनिटांत इंजिनाला छळू नये.

मुक्कामाला बोनेटवर जाड घोंगडी आणि रेडिएटरपुढे पुठ्ठा बांधला तर उष्णता तासभर जास्त टिकते, रात्रभर नाही. निघताना पुठ्ठा काढायचा. काही उस्ताद दर तीन तासांनी उठून गाडी चालू करतात. त्यानं सकाळ निभावते, पण कमी रेसवर थंड इंजिन चालवत राहिलं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. जुने लोक मुक्कामाला चेंबरमध्ये लिटरभर रॉकेल ओतायचे, ऑइल पातळ राहावं म्हणून. बेअरिंग गेल्यावर तेच शिव्या द्यायचे.

ऑइलच्या नादात रेडिएटर विसरू नका. आपल्याकडे साधं पाणी भरून वर्षानुवर्षं गाड्या चालतात. ते पाणी द्रासला गोठलं तर ब्लॉकलाच चीर जाते आणि मग ऑइलचा प्रश्न कायमचा मिटतो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं केलं की उणे ३७ पर्यंत निर्धास्त.

बीएस-६ वाल्यांसाठी दोन ओळी

२०२० नंतरच्या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर असतो. त्याला कमी राखेचं ऑइल लागतं, म्हणून सीके-४ किंवा कंपनीनं स्वतःचा जो वर्ग लिहिलाय तोच. सीआय-४ प्लस ५डब्ल्यू-४० स्वस्तात मिळालं तरी त्यात घालू नका, राखेनं तो फिल्टर हळूहळू भरतो. दुसरं, डीईएफ (धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी) उणे ११ ला गोठतं. गोठलं म्हणून घाबरायचं कारण नाही, इंजिन तापल्यावर गाडी ते स्वतः वितळवते. पण गोठताना ते फुगतं, तेव्हा मुक्कामाआधी डीईएफची टाकी काठोकाठ भरू नका. रॉकेल मिसळून डिझेल पातळ करायची जुनी खोड या गाड्यांत अजिबात नको.

यंदा डिसेंबरात तात्यांनी द्रासहून व्हिडिओ पाठवला. पहाटे साडेसहा, उणे २१. घरच्या बादलीतलं ५डब्ल्यू-४०, मध्ये कुठं थेंबही भर नाही. क्लच दाबलेला, दुसऱ्या सेल्फला गाडी उठली, काटा चार सेकंदांत वर. मी खूश होऊन फोन केला तर म्हणाले, "इंजिन झकास हाय शेठ, पण पहिला किलोमीटर गाडी ओढंना. मागून कुणी धरून ठेवल्यागत." क्राऊनमध्ये, म्हणजे मागच्या आसातल्या गिअरमध्ये, आपलं नेहमीचं ८५डब्ल्यू-१४० आहे. गिअर ऑइलचं कोष्टक वेगळं, तिथं ८५डब्ल्यूची हद्द उणे १२ ला संपते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला. कंपनीच्या पुस्तकात क्राऊनला ८०डब्ल्यू-९० चालतं का, ते पान उद्या शोधतो.